विंडोज, मॅक की लिनक्स? निवडा, पण परतीची वाट ठेवून

कोणती ऑपरेटिंग सिस्टीम (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) घ्यावी हे चारचौघांत विचारलं, की उत्तर यायच्या आत वाद सुरू होतो. मॅकवाला म्हणतो, एकदा घे आणि विसरून जा. लिनक्सवाला म्हणतो, आपल्या संगणकावर दुसऱ्याची मर्जी कशाला? विंडोजवाला म्हणतो, सगळे हेच वापरतात, उगाच डोक्याला ताप नको. तिघंही मनापासून बोलत असतात आणि त्यांच्यापुरतं तिघांचंही खरं असतं. नव्या माणसाची पंचाईत अशी, की प्रत्येक जण स्वतःच्या कामाबद्दल बोलतो आणि ऐकणाऱ्याचं काम काय आहे हे कुणी विचारतच नाही.

पहिला संगणक घेणाऱ्यांसाठी, आणि वर्षानुवर्षं एकच सिस्टीम वापरून आता दुसरीकडे जावं का या विचारात असलेल्यांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: सिस्टीम कोणतीही घ्या, पण उद्या मन बदललं तर आपल्या सगळ्या फाइली घेऊन बाहेर पडता येईल अशा बेताने घ्या. एवढं साधलं की चुकीच्या निवडीची भीती बरीच कमी होते. आता क्रमाने बघू.

पायरी १ : आधी कामांची यादी

कागद घ्या आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत संगणकावर काय काय केलं ते लिहा. ‘इंटरनेट, ऑफिसचं काम’ असं मोघम लिहून भागणार नाही. कोणते प्रोग्रॅम उघडले, कोणत्या प्रकारच्या फाइली आल्या-गेल्या, संगणकाला काय काय जोडलं (प्रिंटर, स्कॅनर, चित्रं काढायची पाटी, डिजिटल सहीचं टोकन) हे नावानिशी लिहा.

मग यादीचे तीन गट पाडा. पहिल्या गटात ब्राउझरमध्ये होणारी कामं. ती तिन्ही सिस्टीमवर सारखीच होतात, त्यामुळे निवडीपुरती ती यादीतून खोडून टाका. दुसऱ्या गटात ज्यांना चांगला पर्याय आहे अशी कामं. तिसऱ्या गटात ज्यांना पर्यायच नाही अशी. निवड खरी ठरते ती या तिसऱ्या गटावर, आणि अनेकदा तिथल्या एकाच नावावर.

आयफोनसाठी ॲप बनवायचं असेल तर एक्सकोड लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं. व्हिडिओ संपादनाचं फायनल कट प्रो आणि संगीताचं लॉजिक प्रो यांचंही तसंच. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर विंडोज आणि मॅकवर आहेत, लिनक्ससाठी ॲडोबी ते काढत नाही. यंत्रांची रेखाटनं करायचं सॉलिडवर्क्स विंडोजवरच. एक्सेल मॅकवर आहे, पण त्यातलं मोठ्या आकडेवारीचं विश्लेषण करणारं पॉवर पिव्हट मॅकवर नाही, आणि हे ज्याला रोज लागतं त्याला ‘मॅकवरही एक्सेल मिळतं’ या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. उलट सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला लिनक्स घरच्यासारखं वाटतं, कारण शेवटी त्याचा प्रोग्रॅम बहुधा लिनक्सवरच चालणार असतो.

गेमचं उत्तर गेल्या काही वर्षांत बदललंय. गेम विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं आणि २०२२ मध्ये तिचा लिनक्सवर चालणारा, हातात धरून खेळायचा स्टीम डेक बाजारात आला. तेव्हापासून विंडोजसाठी लिहिलेले असंख्य गेम लिनक्सवर नीट चालतात. अडतात ते प्रामुख्याने ऑनलाइन स्पर्धेचे काही गेम, ज्यांची फसवणूक पकडणारी यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, बसते. तुमचा आवडता गेम त्यातला आहे का, एवढं नाव घेऊन तपासा.

दुसऱ्या गटासाठी मी सगळ्यांना आग्रहाने एकच गोष्ट सांगतो: सिस्टीम बदलण्याआधी प्रोग्रॅम बदला. लिबरऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड, व्हीएलसी, गिंप, इंकस्केप, क्रिता हे सगळे तिन्ही सिस्टीमवर चालतात. आज विंडोजवर असाल तर आजच लिबरऑफिस टाका आणि महिनाभर त्यातच काम करा. स्वतःच्या सगळ्यात किचकट फाइली त्यात उघडून बघा: भरपूर तक्ते असलेला अहवाल, मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली एक्सेलशीट, दुसऱ्याच्या दुरुस्त्या आणि शेरे असलेला मसुदा. साधी पत्रं सगळीकडे उघडतात, त्यावरून काही कळत नाही. महिना सुरळीत गेला तर सिस्टीम बदलण्याचं निम्मं काम तिथेच झालं. नाही गेला तर एक प्रोग्रॅम काढून टाकण्यापलीकडे तुमचं काही गेलं नाही.

पायरी २ : कोण कशात मोल वसूल करतं ते ओळखा

फुकट काहीच नसतं. कुणी पैसे मागतं, कुणी वेळ मागतं, कुणी मर्जी.

विंडोजची ताकद तिच्या पसाऱ्यात आहे. शेकडो कंपन्यांची यंत्रं, प्रत्येक प्रकारचं उपकरण आणि जुन्या प्रोग्रॅमची काळजी. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजच्या विंडोजवर चालण्याची शक्यता बरीच असते, कारण मायक्रोसॉफ्टने जुनं मोडू न देणं हे व्रतासारखं पाळलंय. त्याच ओझ्यामुळे ती आतून अवजडही झाली आहे. एकाच गोष्टीची सेटिंग दोन-दोन ठिकाणी सापडतात. आणि ती मर्जी मागते. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडाच असा आग्रह, स्टार्ट मेनूत डोकावणाऱ्या शिफारशी, ऐन कामाच्या वेळी पुढे येणारं अपडेट. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा उत्तम चालणारे कितीतरी संगणक केवळ या अटीमुळे मागे राहिले. हे मला मनापासून खटकतं.

ॲपलचा स्वभाव याच्या बरोबर उलट. जुनं सोडून द्यायला ती कंपनी कचरत नाही. मॅकच्या सिस्टीमच्या २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीने ३२ बिटचे, म्हणजे जुन्या घडणीचे, सगळे प्रोग्रॅम एका फटक्यात बंद केले. २०२० मध्ये इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःची एम१ चिप आणली आणि २०२३ पर्यंत सगळे मॅक तिकडे नेले. २०२५ ची टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, असं कंपनीने जाहीर केलं आहे. हा धडाका आहे म्हणूनच बॅटरी दिवसभर पुरते, झाकण उघडताच यंत्र जागं होतं, पंख्याचा आवाज येत नाही. यंत्र आणि सिस्टीम एकाच हातात असल्याचा हा फायदा आहे, आणि तो मोठा आहे. मोल मात्र आधीच मोजावं लागतं: पैसे जास्त, आणि मॅकबुकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही. घेताना कमी घेतलीत तर शेवटपर्यंत तेवढीच.

लिनक्स पैसे मागत नाही, हेरगिरी करत नाही, खातं उघडायला लावत नाही आणि दहा वर्षांच्या लॅपटॉपला पुन्हा कामाला लावते. ती वेळ मागते. सुरुवातीला शिकण्याचा वेळ, यंत्र घेण्याआधी चौकशीचा वेळ आणि अधूनमधून काहीतरी अडलं तर शोधत बसण्याचा वेळ. ज्याला त्या शोधण्यात गोडी वाटते त्याला ती किंमत जाणवतच नाही. ज्याला उद्या सकाळी अहवाल द्यायचाय त्याला ती फार जड जाते. लिनक्सची बाजू घेणारे ही गोष्ट पुरेशी मोकळेपणाने सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लिनक्समध्ये पुन्हा डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) कोणती हा उपवाद आहेच. नव्या माणसाने त्यात पडू नये. मिंट किंवा उबुंटू घ्या. उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मिंट तिच्यावरच उभी आहे. फेडोरा सुरेख आहे, पण तिची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच सांभाळली जाते. आर्चचं नाव कुणी कितीही प्रेमाने घेतलं तरी पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ३ : वाद कसे ऐकावेत

हे वाद निरर्थक नसतात. काहींत फार खोल प्रश्न दडलेला असतो. जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्स या शिकवण्यासाठी बनवलेल्या सिस्टीमचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी लिनक्स कालबाह्य आहे असं जाहीरपणे लिहिलं. लिनक्स तेव्हा जेमतेम काही महिन्यांची होती आणि तिचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स विद्यार्थी होते. मुद्दा असा होता, की कर्नलचे सगळे भाग एकत्र ठेवावेत की छोट्या कर्नलभोवती ते वेगवेगळे चालवावेत. एकत्र ठेवले तर वेग मिळतो. वेगळे ठेवले तर एक भाग कोसळला तरी बाकीचे वाचतात. पुढे काय झालं? नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० संगणकांच्या यादीत फक्त लिनक्स आहे. मिनिक्सही संपली नाही. इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणाऱ्या व्यवस्थापन यंत्रणेत तीच बसवलेली आहे हे २०१७ मध्ये उघड झालं. आणि मॅकच्या कर्नलमध्ये दोन्ही विचारांची सरमिसळ आहे. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी उपयोगी ठरलं.

कंपन्यांची भांडणं तर त्यांच्या चाहत्यांच्या भांडणांपेक्षा लवकर मिटतात. ॲपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला होता. ऑगस्ट १९९७ मध्ये ॲपल डबघाईला आली असताना त्याच मायक्रोसॉफ्टने तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतवले आणि मॅकसाठी ऑफिस काढत राहण्याचं वचन दिलं. ही घोषणा झाली त्या कार्यक्रमात मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स पडद्यावर दिसताच मॅकप्रेमींनी हुर्यो उडवली. ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी त्यांना तिथेच सुनावलं, की ॲपलने जिंकण्यासाठी मायक्रोसॉफ्टने हरायलाच हवं ही कल्पना सोडून द्यावी लागेल. मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं. २०१६ पासून विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने स्वतः करून दिली. ज्या भांडणातून मालक केव्हाच उठून गेलेत ते आपण पुढे चालवण्यात अर्थ नाही.

म्हणून सल्ला देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. यावर तुम्ही रोज काय काम करता? ज्या सिस्टीमला नावं ठेवताय ती शेवटची कधी वापरली? आणि स्वतःच्या सिस्टीममधलं काय तुम्हाला खटकतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे तयार आणि नेमकं असतं, त्याचं बाकीचं म्हणणंही लक्षपूर्वक ऐका. ‘काहीच खटकत नाही’ म्हणणाऱ्याचा सल्ला बाजूला ठेवा.

जुन्या तक्रारी तारीख लावून ऐकायची सवय ठेवा. ‘लिनक्सवर वायफाय चालत नाही’, ‘विंडोजचा पडदा सारखा निळा पडतो’ ही वाक्यं एकेकाळी खरी होती, आणि आजही कुठल्यातरी एखाद्या यंत्रावर खरी असतील. तुमच्या यंत्रावर काय होतं हे पाचव्या पायरीत कळेल.

सुरक्षेबाबतच्या बढाया तर सोडूनच द्या. ‘मॅकला व्हायरस लागत नाही’ म्हणता म्हणता २०१२ मध्ये फ्लॅशबॅक या घातक प्रोग्रॅमने सुमारे सहा लाख मॅक ग्रासले. मे २०१७ मध्ये खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या प्रोग्रॅमने जगभरचे विंडोज संगणक ओलीस धरले. ज्या भगदाडातून ते घुसलं ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं, अनेकांनी ते लावलं नव्हतं. आणि मार्च २०२४ मध्ये लिनक्सच्या अनेक डिस्ट्रोंत असणाऱ्या एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या छोट्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा पेरल्याचं उघडकीला आलं. ते शोधलं अँड्रेस फ्रॉइंड यांनी. दूरच्या संगणकात शिरताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं आणि ते खणत गेले. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर (सोर्स कोड) सगळ्यांना खुला होता म्हणून त्यांना खणता आलं. आणि नोकरी ते मायक्रोसॉफ्टमध्ये करत होते. यातून नव्या माणसाने घ्यायचं ते इतकंच: सिस्टीम कोणतीही असो, अपडेट वेळेवर लावा आणि अनोळखी ठिकाणाहून प्रोग्रॅम उतरवू नका.

पायरी ४ : यंत्र बघून घ्या

आहे त्याच संगणकावर दुसरी सिस्टीम टाकायची असेल तर यंत्राचं नेमकं मॉडेल लिहून घ्या आणि त्यावर इतरांचा अनुभव काय आहे ते शोधा. लिनक्ससाठी वायफायची चिप, ग्राफिक्स कार्ड आणि बोटाचा ठसा वाचणारं उपकरण या तीन गोष्टींवर जास्त लक्ष द्या. मॅकवर विंडोज टाकायचा विचार असेल तर हे माहीत हवं, की एम१ आणि त्यापुढच्या मॅकवर मॅकवर विंडोज बसवण्याची पूर्वीची बूट कॅम्पची सोय नाही. उलट्या दिशेचा रस्ता बंदच समजा: मॅकची सिस्टीम ॲपलच्या यंत्राबाहेर चालवायला परवाना नाही. मॅक आजमावायचा असेल तर ओळखीच्या कुणाकडे बसून दोन तास स्वतःचं काम करून बघणं हाच उपाय.

पायरी ५ : बसवण्याआधी चालवून बघा

लिनक्सचं मला सगळ्यात आवडणारं वैशिष्ट्य हे, की ती संगणकात काहीही न बदलता पेनड्राइव्हवरून चालते. ही संधी घाईत दवडू नका.

मिंट किंवा उबुंटूची आयएसओ फाइल (संपूर्ण सिस्टीम असलेली एकच फाइल) त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. रूफस किंवा बॅलेनाएचर वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं. संगणक बंद करून चालू करताना बूट मेनूची (संगणक कशावरून सुरू व्हावा ते निवडायच्या यादीची) कळ दाबा. ती एफ१२, एफ९, एस्केप अशी कंपनीगणिक वेगळी असते. मेनूत पेनड्राइव्ह निवडा. थोड्या वेळाने संपूर्ण डेस्कटॉप समोर येतो. ‘इन्स्टॉल’च्या चिन्हाला तूर्त हात लावू नका.

आता लॅपटॉपची एकेक नस दाबून बघायची. वायफाय दिसतंय का, जोडलं जातंय का. व्हिडिओ लावा: आवाज स्पीकरमधून येतो का, हेडफोन खुपसल्यावर तो तिकडे वळतो का. आवाज आणि उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा चालतात का. कॅमेरा आणि माइक. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का. ब्लूटूथ. प्रोजेक्टर किंवा दुसरा पडदा जोडून बघा. प्रिंटरवर एक पान काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: झाकण मिटा, पाच मिनिटं थांबा, उघडा. यंत्र शहाण्यासारखं जागं झालं, वायफाय आपोआप परत जोडलं गेलं, तर बरीच काळजी मिटली. लिनक्सवर लॅपटॉप वापरणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळते ती हीच गोष्ट, आणि नवे लोक नेमकी हीच तपासायला विसरतात.

पेनड्राइव्हवरून सगळं थोडं सावकाश चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. आणि तिथे साठवलेलं बंद केल्यावर जातं.

ज्यांना एवढंही करायचं नाही त्यांनी विंडोज किंवा मॅकवर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये लिनक्स एका खिडकीत चालवावी. प्रोग्रॅमची सवय होण्यासाठी ते छान आहे. तुमच्या वायफायचं, बॅटरीचं, झाकणाचं काय होईल हे मात्र त्यात कळत नाही.

पायरी ६ : बॅकअप

पुढच्या पायरीआधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावा आणि चार-पाच फाइली खरोखर उघडून बघा. उघडून न पाहिलेली प्रत बॅकअप म्हणून धरू नका.

पायरी ७ : दोन सिस्टीम शेजारी-शेजारी

विंडोज ठेवून लिनक्सही बसवायची याला ड्युअल बूट म्हणतात. संक्रमणाच्या काळात ते उपयोगी आहे, पण यात चार खड्डे आहेत आणि ते आधी माहीत असलेले बरे.

पहिला बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलपाचा. आजकाल अनेक लॅपटॉपवर विंडोजची डिस्क मुळातच कुलूपबंद असते, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूटच्या सेटिंगला हात लावला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर फाइली गेल्या. आधी ती शोधा (बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते) आणि कागदावर उतरवून ठेवा.

दुसरा फास्ट स्टार्टअपचा. ही सोय चालू असली की विंडोज बंद करताना पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग लिनक्समधून विंडोजच्या डिस्कवर काही लिहिता येत नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा.

तिसरा खड्डा पार्टिशनचा, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याचा. विंडोजचा भाग लहान करायचा तर तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा आणि लिनक्ससाठी निदान ५० जीबी मोकळे ठेवा. बसवताना एका पडद्यावर दोन पर्याय येतात: एक विंडोजशेजारी बसवण्याचा आणि एक संपूर्ण डिस्क पुसून बसवण्याचा. इथे थांबा, दोनदा वाचा, मगच पुढे जा. संगणकात दोन डिस्क असतील तर प्रत्येक सिस्टीमला स्वतंत्र डिस्क देणं सगळ्यात उत्तम. मग विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर बूटचा क्रम बदलला तरी दुसरी सिस्टीम सुखरूप राहते.

चौथा निरुपद्रवी, पण नव्या माणसाला भुताटकी वाटावी असा. लिनक्स वापरून विंडोजमध्ये परत आलात की घड्याळ काही तासांनी चुकलेलं दिसतं. बोर्डावरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते, आणि दोघी एकमेकींचं घड्याळ आपल्या हिशेबाने वाचतात. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगणारी एका ओळीची आज्ञा आहे, ती दिली की प्रश्न सुटतो.

पायरी ८ : पहिला महिना

पहिल्या आठवड्यात प्रत्येक गोष्टीला दुप्पट वेळ लागेल आणि चिडचिड होईल. त्यातली बरीचशी बोटांच्या सवयीची असते. मॅकवर कॉपी-पेस्टसाठी कंट्रोलऐवजी कमांड कळ लागते, आणि खिडकी बंद केली तरी प्रोग्रॅम चालूच राहतो. कमांड आणि क्यू दाबल्यावर तो खरा बंद होतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) कंट्रोल-सीने कॉपी होत नाही, चालू असलेला प्रोग्रॅम थांबतो. कॉपीसाठी शिफ्टही दाबावी लागते. देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी इनस्क्रिप्ट कळफलक तिन्हींत आहे, तेव्हा तोच शिकलेला असला तर सिस्टीम बदलल्यावर टंकलेखन नव्याने शिकावं लागत नाही.

या महिन्यात दुसऱ्या सिस्टीमला जुनीचं रूप द्यायच्या भानगडीत पडू नका. मॅकला विंडोजसारखं वागायला लावणारी साधनं असतात, पण त्यामुळे धड एक ना दुसरी असं होतं. आणि टर्मिनलमध्ये कुठूनतरी मिळालेली आज्ञा अर्थ न समजता चिकटवू नका, विशेषतः पासवर्ड मागणारी.

मदत मागताना यंत्राचं मॉडेल, सिस्टीमची आवृत्ती, नेमकं काय केलं आणि पडद्यावर कोणती सूचना आली हे शब्दशः लिहा. ‘वायफाय चालत नाही, ही कसली सिस्टीम’ असं लिहिलंत तर वायफायचं उत्तर येत नाही, सिस्टीमवरचं भांडण मात्र हमखास येतं.

पायरी ९ : इतरांशी देवाणघेवाण

तुमची सिस्टीम बदलली तरी बाकीच्यांची बदललेली नसते. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा, तिन्ही सिस्टीम त्यावर लिहू-वाचू शकतात. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅकला वाचता येते, पण त्यावर मॅक मुळात लिहीत नाही. आयत्या वेळी अनेकांची इथेच फजिती होते.

फाइलींची नावं हा छुपा काटा. रोमन लिपीत ‘रिपोर्ट’ हा शब्द एकदा मोठ्या आणि एकदा लहान अक्षराने सुरू केला, तर लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात आणि ती दोन्ही एकाच फोल्डरमध्ये सुखाने ठेवते. ते फोल्डर विंडोजवर किंवा नेहमीच्या मॅकवर नेलं, की दोन्ही नावं एकच ठरतात आणि एक फाइल दुसरीवर चढते. तसंच लिनक्सवर नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारका चालतात, विंडोजला त्यातलं काहीच चालत नाही. नावात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि टिंब एवढंच वापरा. दुसऱ्याने नुसतं वाचायचं असेल तर पीडीएफ पाठवा म्हणजे मांडणी हलत नाही. दोघांनी मिळून लिहायचं असेल तर दोघांकडे सारखे फाँट आहेत ना ते आधी बघा.

पायरी १० : परतीची वाट

म्युनिक शहराच्या प्रशासनाने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्सकडे जायचं ठरवलं. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलून झाले. २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. कुणी म्हणतं अडचणी तांत्रिक होत्या, कुणी म्हणतं राजकीय, आणि त्यावरही दोन्ही तट अजून भांडतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की एवढ्या मोठ्या संस्थेलाही जाणं आणि येणं दोन्ही करावं लागलं. मग आपण एकट्याने जन्मभराची शपथ कशाला घ्यायची?

ही वाट सिस्टीम बदलताना शोधायची नसते, रोजच्या वापरात राखायची असते. मजकूर ओडीएफ (लिबरऑफिसचं रूप) किंवा डॉकएक्समध्ये (वर्डचं रूप) ठेवा. दोन्ही आंतरराष्ट्रीय मानकं आहेत आणि तिन्हीकडे उघडतात. एकाच कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या फाइलींची एक प्रत सर्वमान्य रूपात काढून ठेवा. युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) येण्याआधीच्या फाँटमध्ये लिहिलेल्या जुन्या फाइली असतील तर तो फाँट चालतो आहे तोवरच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. फोटो एखाद्या ॲपच्या पोटात असतील तर ते साध्या फोल्डरमध्ये मूळ आकारात काढता येतात का, हे एकदा प्रत्यक्ष करून बघा. टिपणं लिहायचं ॲप निवडताना त्याच्या मेनूत ‘एक्स्पोर्ट’ आहे का ते आधी शोधा; नसेल तर कितीही देखणं असो, घेऊ नका. फोन आणि संगणक एकाच कंपनीचे असतील तर सोय खूप होते, पण बाहेर पडताना दोन्ही एकदम सोडावे लागतात, हे घेतानाच मनाशी धरा.

पासवर्ड ब्राउझरमध्ये किंवा सिस्टीमच्या तिजोरीत अडकलेले असतील तर तिन्हींवर चालणाऱ्या स्वतंत्र पासवर्ड मॅनेजरमध्ये हलवा. कीपासएक्ससी त्यासाठी चांगला आहे. हलवताना जी फाइल तयार होते तिच्यात तुमचे सगळे पासवर्ड उघड्या मजकुरात असतात. काम झालं की ती डाउनलोडच्या फोल्डरमधून आणि कचरापेटीतूनही पुसून टाका, आणि क्लाउडवर तिची प्रत गेली नाही ना ते बघा.